नाळेतल्या पेशी, आजीचा डोळा आणि एक प्रोटीन

काल संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली शेवटी हिरवे ठिपके दिसले आणि मी शेजारच्या बेंचवरच्या मैत्रिणीला अक्षरशः हाताला धरून ओढत आणलं बघायला. तीन आठवडे नुसता अंधार बघत होते हो मी.

मी पुण्यात पीएचडी करते, विषय अँजिओजेनिन. म्हणजे आपल्याच पेशींनी बनवलेलं एक छोटंसं प्रोटीन, १२३ अमिनो आम्लांचं, जे रक्तवाहिन्यांना सांगतं की वाढा, नवीन फांदी फोडा. ते शोधलं १९८५ मध्ये हार्वर्डला, बर्ट व्हॅली यांच्या ग्रुपने. त्याच्या आधी १९७१ मध्येच बोस्टनच्या जुडाह फोकमन यांनी लिहिलं होतं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी रक्तपुरवठा मागवून घेते आणि तो तोडला तर गाठ वाढणार नाही, पण मागवते म्हणजे नक्की कुठल्या पदार्थाने ते कोणाच्या हाती लागत नव्हतं. व्हॅलींच्या लोकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या एचटी-२९ नावाच्या मानवी पेशी वाढवल्या आणि त्या ज्या पाण्यात म्हणजे मीडियममध्ये वाढल्या ते गोळा केलं. एका लिटरमागे हाती काय आलं, तर साधारण अर्धा मायक्रोग्रॅम! एक मिलिग्रॅम हवं तर दोन हजार लिटर. प्रोटीन शुद्ध करताना माझी जी घालमेल होते ती आठवली की त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. आणि ताकद बघा, कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या गर्भाच्या पडद्यावर फक्त अर्धा नॅनोग्रॅम टाकला तरी तिकडे नवीन वाहिन्या फुटतात.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. १९८७ मध्ये तेच प्रोटीन निरोगी माणसाच्या रक्तात सापडलं, म्हणजे कॅन्सरचं म्हणून शोधलं ते आत्ता तुमच्या माझ्या रक्तातही फिरतंय. मग सगळीकडे भराभर वाहिन्या का नाही फुटत? याच प्रश्नापायी मी या विषयात आले.

तर माझा प्रयोग. आम्ही पेशी घेतो बाळाच्या नाळेतून, आईची लेखी संमती घेऊन. नाळेतली जी मोठी शीर असते ती आतून एका एन्झाइमने धुतली की अस्तराच्या पेशी सुटून येतात. हे आजीला सांगितलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं नाळ पुरतात, अशी कुणाला देतात होय?" मी म्हटलं आजी, आता हॉस्पिटलात पिवळ्या पिशवीत जाते ती आणि जाळतात. त्यावर तिने विचार केला आणि म्हणाली मग तुझ्याकडे आलेली बरी.

त्या पेशींवर अँजिओजेनिन टाकायचं आणि ते पेशीच्या केंद्रकात शिरतं का ते त्याला चिकटून हिरवं चमकणाऱ्या अँटीबॉडीने बघायचं. माझं शिरतच नव्हतं. अँटीबॉडी बदलली, प्रोटीनची नवी बॅच केली, काही नाही. मग गाइड सरांनी माझी प्लेट नुसती उजेडात धरली आणि विचारलं पेशी किती दाट लावल्यास? मी छान भरगच्च लावल्या होत्या, फरशीसारख्या एकाला एक चिकटून. आणि नेमकं तेच, दाटी झाली की या पेशी अँजिओजेनिनला आत केंद्रकात घेतच नाहीत, विरळ असतील, वाढायला जागा असेल तेव्हाच घेतात. नव्वदच्या दशकातल्या पेपरात आहे हे, मी वाचलेलंही होतं. काल विरळ लावल्या आणि अर्ध्या तासात प्रत्येक केंद्रकात हिरवं! माझ्या प्रश्नाचं निदान एक टोक तरी दिसलं, की रक्तात प्रोटीन असून भागत नाही, पेशीलाही त्याची गरज असावी लागते.

हे सगळं मी इतकं मनाला लावून का घेते, तर आजीमुळे. तिला वीस वर्षांपासून शुगर आहे, आणि शुगरने डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की तिथे ऑक्सिजन कमी पडतो आणि डोळा वाहिन्या वाढवणारंच दुसरं प्रोटीन, व्हीईजीएफ, भरपूर सोडतो. त्याने ज्या वाहिन्या उगवतात त्या कच्च्या असतात, गळतात, फुटतात. जे प्रोटीन पोटातल्या बाळाला इतकं लागतं की १९९६ च्या प्रयोगात त्याच्या जनुकाची दोनपैकी एक प्रत काढली तरी उंदराचे गर्भ जगले नाहीत, तेच आजीच्या डोळ्यात थांबवायला डॉक्टर इंजेक्शन देतात. घरात कुणाला शुगर असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या प्लीज, आमच्याकडे उशीर झाला.

पुढचं इंजेक्शन गुरुवारी आहे. कालचा फोटो मोठा करून प्रिंट काढलाय, तिला उजव्या डोळ्याने अजून रंग नीट ओळखू येतात.