फेब्रुवारीतलं तिनोस

ग्रीसमधल्या राफिना बंदरातून निघालेली बोट आंद्रोस बेटावर निम्मी रिकामी झाली. तिनोसच्या धक्क्यावर उतरलो ते जेमतेम वीस-पंचवीस जण. एकाच्या ढकलगाडीवर वॉशिंग मशीनचा खोका होता, दोन कॉलेजची मुलं होती आणि एका आजींच्या हातात औषधांनी भरलेली पिशवी. बोटीचा पुढचा थांबा मिकोनोस, इथून अर्ध्या तासावर. उन्हाळ्यात याच बोटीवर उभं राहायला जागा मिळत नाही म्हणे. आम्ही उतरलो, दोन ट्रक चढले आणि बोट निघून गेली. धक्क्यावर वारा आणि मांजरं उरली.

मी म्युनिकला राहते. वर्षाची उरलेली रजा फेब्रुवारीत संपवावी लागते आणि त्या दिवसांत विमानाची तिकिटं स्वस्त असतात, एवढं निमित्त पुरेसं होतं. पण इतक्या बेटांतून तिनोसच निवडलं ते आईमुळे. माझी आई वारकरी. अठरा वर्षं ती आळंदीहून पंढरपूरला चालत गेली. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, दोन्ही बदलावे लागले, तेव्हापासून आषाढीला टीव्हीसमोर बसून असते. ग्रीसमध्ये एक बेट आहे, तिथे लोक बंदरापासून येशूच्या आईच्या, मरियमच्या देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात, असं मी तिला फोनवर सांगितलं, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "तू जाऊन ये. आणि माझ्या पायांचं सांग तिला."

बंदरावरून देवळाकडे सरळ चढत जाणारा रस्ता आहे. सुमारे ८०० मीटर असेल. त्याच्या एका कडेनं वरपर्यंत गालिच्याची पट्टी घातलेली आहे, रांगणाऱ्यांसाठी. १५ ऑगस्टला, मरियमच्या मोठ्या सणाला, या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते. मी गेले तो मंगळवार होता आणि पाऊस भुरभुरत होता. दुतर्फा मेणबत्त्यांची आणि तीर्थाच्या बाटल्यांची दुकानं, त्यातली बहुतेक बंद. एका उघड्या दुकानाबाहेर माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

आणि त्या पट्टीवर एक बाई होती. पन्नाशीची असेल. गुडघ्यांना कापड बांधलेलं, तळहात ओल्या गालिच्यावर. तिची मुलगी शेजारून चालत होती, एका हातात आईचे बूट, दुसऱ्या हातात छत्री. छत्री आईच्या पाठीवर धरल्यामुळे ती स्वतः पूर्ण भिजली होती. दहा-बारा पावलांएवढं अंतर काटलं की बाई थांबायची, श्वास घ्यायची, मुलगी वाकून काहीतरी विचारायची, बाई मान हलवायची आणि पुन्हा निघायची. बघायला कोणी नव्हतं. शेजारून भाजीचा टेम्पो गेला, त्याच्या चालकानं वेग कमी केला, छातीवर क्रूस काढला आणि तो पुढे गेला. लोटांगण घालणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, पण ती गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात. इथे फक्त पावसाचा आणि त्या बाईच्या श्वासाचा आवाज होता. त्यांना ओलांडून पुढे जायला माझे पाय धजेनात. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, त्यांच्या मागे, त्यांच्याच गतीनं चालत राहिले. वर पोचायला पाऊण तास लागला.

या देवळाची कथा ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धाशी जोडलेली आहे. युद्ध १८२१ मध्ये सुरू झालं. १८२२ मध्ये इथल्या केख्रोवुनी मठातल्या पेलागिया नावाच्या जोगिणीला स्वप्नात मरियम दिसली आणि अमुक शेतात खणा म्हणाली. ३० जानेवारी १८२३ ला खणणाऱ्याच्या कुदळीला लाकडावर रंगवलेली मरियमची प्रतिमा लागली. नव्यानं उभ्या राहणाऱ्या देशाला तो कौलच वाटला. ती प्रतिमा आज दागिन्यांनी इतकी मढली आहे की मूळ चित्र जवळजवळ दिसतच नाही. देवळाच्या छताला नवसाच्या वस्तू टांगलेल्या आहेत: चांदीची गलबतं, घरं, पाळणे. त्यात सोन्याचांदीत घडवलेलं एक संत्र्याचं झाडही आहे. एका आंधळ्या माणसानं नवस केला होता, की दृष्टी आली तर जे पहिलं दिसेल ते घडवून वाहीन. त्याला संत्र्याचं झाड दिसलं.

याच नवसाचा गरिबांना परवडणारा प्रकार म्हणजे 'तामा'. पत्त्याएवढा पातळ पत्रा, त्यावर उठावात डोळा, हृदय, हात किंवा पाय, जो अवयव बरा व्हायचा असेल तो. वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहतात, तसंच. मी रस्त्यावरच्या त्या उघड्या दुकानातून पायाचा तामा घेतला होता. तो देवळातल्या सेवेकऱ्याला दिला, मेणबत्ती लावली आणि मराठीतच आईच्या पायांचं सांगितलं. बाहेर येऊन आईला फोटो पाठवला.

रात्री तिचं उत्तर आलं. "पाय एकच दिसतोय. माझे दोन्ही झालेत ना गं."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही बंद, कारण वारा सुटला होता.

तिनोस हे वाऱ्याच्या देवाचं, एओलसचं घर अशी जुनी समजूत आहे. ती कुठून आली ते मला त्या दोन दिवसांत कळलं. इथे वाऱ्याचा जोर 'बोफोर'मध्ये सांगतात आणि शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो आकडा असतो. आठ बोफोर, नऊ बोफोर. मर्यादा ओलांडली की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. त्या बंदीला म्हणतात 'अपागोरेफ्तिको'. हा शब्द मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाईंकडून शिकले. त्या तरुणपणी नऊ वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टच्या एका कारखान्यात होत्या. १९६० च्या करारानंतर ग्रीसमधून कामगार जर्मनीत जाऊ लागले, त्यांच्या मागून गेलेल्यांतल्या. त्यामुळे आमचं बोलणं जर्मनमध्ये चाले, पण मला हाक मात्र त्या ग्रीकमध्ये मारायच्या: "कोरी मू", म्हणजे माझ्या पोरी. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत त्या म्हणाल्या, "बोट नाही म्हणजे दूध नाही, पेपर नाही आणि डोळ्याचा डॉक्टरही नाही. तो गुरुवारी सिरोस बेटावरून येणार होता."

पर्यटनाच्या छायाचित्रांत हे दिसत नाही. बेटावर साधारण नऊ हजार माणसं राहतात आणि हिवाळ्यात त्यांचा प्रत्येक बेत वाऱ्याला विचारून ठरतो. पण याच दिवसांत ती एकमेकांना भेटतात हेही खरं. उन्हाळ्यात सगळेच राबत असतात. बाई मला गावातल्या एकुलत्या एक उघड्या काफेनिओत, म्हणजे कॉफीच्या दुकानात, घेऊन गेल्या. मधोमध शेगडी, भोवती पत्ते खेळणारे पुरुष, काचांवर वाफ. समोर आली राकी नावाची दारू, लूझा म्हणजे मसाला लावून वाऱ्यावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, आणि कोपानिस्ती नावाचं जिभेला झोंबणारं चीज. सोबत रानभाज्या, नुसत्या उकडून वर लिंबू नि तेल. त्या बाईंनीच सकाळी खुडून आणल्या होत्या. पाऊस पडला की इथल्या बायका सुरी आणि पिशवी घेऊन बांधाबांधानं फिरतात, अगदी आपल्याकडे श्रावणात टाकळा-कुर्डू खुडायला जातात तशा. उन्हाळ्यात करपून तपकिरी होणारं हे बेट फेब्रुवारीत हिरवंगार असतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, दगडी गडगे, त्यांच्यामधून उगवलेली जांभळी ॲनिमोन आणि दरीच्या आडोशाला पांढरी कबुतरखान्यांची घरं. या घरांच्या वरच्या भिंतीत पातळ चिपांचे त्रिकोण, सूर्य, सुरूची झाडं अशी जाळी रचलेली असते. व्हेनिसच्या राजवटीत, म्हणजे १७१५ पर्यंत, ती बांधण्याची रीत रुजली. मांसासाठी कबुतरं आणि शेतासाठी त्यांची विष्ठा.

चौथ्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेनं. समुद्र तेलासारखा निपचित, ऊन असं की स्वेटर काढावा लागला. बाई म्हणाल्या, "अल्कियोनीदेस." अल्कियोनी ही एओलसची लेक. ती खंड्या पक्षी झाली आणि तिला अंडी उबवता यावीत म्हणून भर हिवाळ्यात काही दिवस वारा थांबवला जातो, अशी कथा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या या उघडिपीला ग्रीसभर तिच्याच नावानं ओळखतात.

मी पिर्गोसची बस पकडली. दिवसातून मोजक्या फेऱ्या, आत आम्ही चौघं. पिर्गोस हे संगमरवराचं गाव. दारांवरच्या कमानी, कारंजं, स्मशान, एवढंच काय, बसथांबाही संगमरवरी. तिनोसच्या या कारागिरीला २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. चौकातलं मोठं झाड पानाविना उभं होतं आणि खालची टेबलं एकावर एक रचून बांधून ठेवली होती. तेवढ्यात कानावर आवाज आला, टक-टक, मग विश्रांती, मग टक-टक-टक. लहानपणी दारात जात्याला टाकी लावायला पाथरवट यायचे, अगदी तोच आवाज. त्याच्या मागानं गेले.

एक तरुण दारावर बसवायची अर्धगोल जाळी कोरत होता. मध्ये गलबत, दोन बाजूंना पक्षी. त्यानं इंग्रजीत सांगितलं, गावातल्या १९५५ पासून चालत आलेल्या कलाशाळेत तो शिकला. अथेन्समध्ये पार्थेनॉनच्या जीर्णोद्धारावर तिनोसचे बरेच कारागीर आहेत, त्यांत त्याचे दोन मित्र. मग त्यानं माझा हात धरून दगडावर ठेवला. टोकदार छिन्नीनं काढलेला भाग खरखरीत, दातेरी छिन्नीनं काढलेला नांगरटीसारखा, आणि जिथे घासून झालं होतं तिथे बोटांना नुसता गारवा. "उन्हाळ्यात लोक विचारायला थांबतात," तो म्हणाला, "काम आत्ता होतं."

शिल्पकार यानुलिस खालेपास याच गावचा. जन्म १८५१, घराणं संगमरवर घडवणाऱ्यांचं. तो अथेन्सला आणि मग म्युनिकच्या अकादमीत शिकला. मी रोज जिथून ट्राम पकडते तिथून ती इमारत जवळच आहे. त्यानं घडवलेली 'झोपलेली मुलगी' अथेन्सच्या स्मशानात एका तरुणीच्या कबरीवर आहे. त्यानंतर त्याचं मन ढासळलं. १८८८ ते १९०२ तो कोर्फूच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. आईनं त्याला घरी आणलं. पण शिल्पानंच पोराचं डोकं फिरवलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तो मातीतून जे घडवायचा ते ती मोडून टाकायची. १९१६ मध्ये ती गेली आणि पासष्टीचा खालेपास पुन्हा कामाला लागला. १९३८ मध्ये मरेपर्यंत तो थांबला नाही. त्याच्या घराचं संग्रहालय केलंय, हिवाळ्यामुळे ते बंद होतं. मी उंबऱ्यावर बराच वेळ बसले. त्या बाईचा मला राग येईना. चौदा वर्षं लेकरू इस्पितळात ठेवावं लागलेल्या आईला छिन्नी बघून काय वाटत असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

परतीची बोट सहाव्या दिवशी दुपारी होती. सकाळी मेणबत्त्यांच्या दुकानाचं दार अर्धं उघडं दिसलं. दुकानदारीणबाई आतली जमीन पुसत होत्या. मी बोटानं पत्र्याचा पाय दाखवला. त्यांनी मला ओळखलं, एक बोट वर केलं आणि प्रश्नार्थक मान हलवली: पुन्हा? मी माझ्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "मामा", म्हणजे ग्रीकमध्ये आई. त्यांनी ड्रॉवर उघडला, खालपर्यंत चाचपला आणि आधीच्या पायाच्या उलट्या बाजूचा, डावा पाय शोधून काढला. पैसे घेतले, मग त्यातलं एक नाणं माझ्या हातात परत ठेवून मेणबत्त्यांकडे बोट दाखवलं.

देवळात त्या वेळी मी आणि फरशी झाडणारा सेवेकरी, दोघंच होतो. त्यानं पत्रा घेतला. माझ्या मागे दारातून ऊन आत आलं होतं.