हालु बेकु

आज लेकीला सांभाळणाऱ्या मावशी आल्या नाहीत. नातवाला ताप. मी रजा टाकली. म्हटलं, एका दिवसाचं तर आहे.

साडेअकराला लेक उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हालु बेकु!" म्हणजे कानडीत 'दूध हवं!' आमच्या घरात धड कानडी कुणालाच येत नाही. दूध दिलं, तर वाटी ढकलून दिली. तीनदा. शेवटी फोन लावला. मावशी हसल्या. "बशीत ओतून द्या की ताई, वाटीतनं पीत न्हाई ती." माझीच लेक, आणि मला माहीत नाही!

मावशी वडगावच्या. आधी मागावर कांड्या भरायच्या, आता आमच्याकडे आठ ते सहा.

लेक झोपल्यावर मोबाईलवर वाचत बसले. 'आया' हा शब्द मूळचा पोर्तुगीज (गोवा शेजारीच की!). घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ चा, भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. आणि मी? गेल्या महिन्यात दोन खाड्यांचे पैसे कापलेले. माझी आजची रजा मात्र भरपगारी.

संध्याकाळी त्यांचाच फोन. "आजचा खाडा धरणार काय ताई?"

"नाही हो," म्हटलं. मागच्या दोन दिवसांचं बोलायला जीभ रेटली नाही.