समुद्र नसलेल्या गावात हे काम कशाला?

लग्नात भेटलेले पाहुणे विचारतात, बँकेच्या रांगेतले विचारतात. परवा दाढी करताना कटिंगवाल्यानंही विचारलं, "भाऊ, समुद्र तिकडं मुंबईले. तुम्ही नागपुरात बसून बुडत्याले वाचवाचं काय शिकवून राहिले?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बुडायला समुद्र लागत नाही. कन्हान आहे, पेंच आहे, वैनगंगा आहे. रेती उपसलेल्या पात्रात गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल थेट डोहात जातं. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या नात्यातल्या 11 जणांचा त्यात जीव गेला. तिथं कुठला आला समुद्र?

माझं कारण त्याच्याही आधीचं आहे. कॉलेजात असताना आम्ही टेम्पो करून एका धरणावर गेलो होतो. एक मित्र पाय घसरून पाण्यात गेला. तो ओरडला नाही. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडूच शकत नाही, त्याचं तोंड पाण्यावर येतं ते श्वासापुरतं. दुसऱ्यानं कपड्यांसकट उडी टाकली. घाबरलेला माणूस जे हाती लागेल त्याला गच्च मिठी मारतो. दोघंही गेले. आणि टेम्पोच्या टपावर भांडी बांधलेला दोर तसाच होता. वीस पावलांवर. तो सोडायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

म्हणून मी पोहायला शिकवत नाही, दोर फेकायला शिकवतो. नारिंगी पिशवीत पंधरा-वीस मीटर दोर भरलेला असतो, तिला थ्रो बॅग म्हणतात. दोराचं मोकळं टोक आपल्या हातात ठेवायचं. जोरात हाक मारायची आणि पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेकायची, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. त्यानं धरला की आपण खाली बसायचं, नाहीतर तो आपल्यालाच ओढून नेतो. पिशवी नसेल तर बांबू, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन, काहीही चालेल. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. तोवर दुसऱ्यानं 112 लावायचा.

रविवारी आम्ही चार-पाच जण नावा चालतात अशा तलावावर उभे असतो. गेल्या महिन्यात एका पोरीनं मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट घातलं होतं. मी दोन्ही खांदे धरून वर उचललं, तर ते तिच्या कानांपर्यंत आलं. पाण्यात पडली असती तर ती खाली आणि जॅकेट वर. तिच्या बापाला तेच करून दाखवलं. काही न बोलता त्यानं स्वतः लहान मापाचं शोधून आणलं, पायांतला पट्टा बांधला आणि पुन्हा उचलून पाहिलं.

लोक पगार विचारतात. पगार नाही. ब्रिटनमध्ये रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन 1824 पासून हेच काम करते. तिच्या बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात आणि खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो. तिचं टेडिंग्टनचं केंद्र तर समुद्रावर नाही, थेम्स नदीच्या काठी आहे. आणि देशभरातून लोक जिथं बचावकार्य शिकायला येतात, ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी आपल्या नागपुरातच आहे; पूर्वीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय आता तिच्यातच विलीन झालंय.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वैनगंगेकाठच्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या काकांनी. डोंग्यात कुणी कुठं बसायचं ते काकाच ठरवतात, आणि सगळे खाली बसल्याशिवाय वल्हं पाण्याला लावत नाहीत. गर्दी कितीही असो, जास्तीचा माणूस ते उतरवतातच.

आमच्या कॉलनीच्या मैदानात दर रविवारी सकाळी सात वाजता सराव असतो. खुर्चीवर मडकं ठेवतो आणि त्याच्या पलीकडे पिशवी टाकायची. शेजारच्या काकू आता दहात आठ वेळा टाकतात. या, दोर आमच्याकडे आहे.