मुख्य काम, दुय्यम काम

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका गावी नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या, म्हणजे आमच्या बोलण्यात ‘पीएलएफएस’च्या, कामासाठी गेलो होतो. देशात बेरोजगारी किती टक्के आहे, याचा जो आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो, तो या सर्वेक्षणातून निघतो. माझ्यासारखे अन्वेषक हातात टॅब घेऊन घरोघरी जातात आणि प्रत्येक माणसासमोर तो काय काम करतो ते सांगणारा एक दोन-अंकी संकेतांक टाकतात. गावाचे नाव मी लिहिणार नाही, कारण माहिती गोपनीय राहील असे प्रत्येक घरात सांगूनच आम्ही आत बसतो.

राज्य शासनाने त्या वर्षी दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत धारूर होता. शिवाय साखर कारखान्यांचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाल्यामुळे गाव निम्मे रिकामे होते. घरांची यादी करताना दर दोन-तीन दारांमागे एक कुलूप आणि शेजाऱ्यांचे तेच उत्तर मिळत होते, “कोयत्यावर गेलेत,” म्हणजे ऊसतोडीला. यादी झाल्यावर ठरलेल्या पद्धतीने तेव्हा आठ घरे निवडायची असत. निवडलेले घर बंद निघाले, तर त्याऐवजी दुसरे घेता येते. पद्धत म्हणून यात काही चूक नाही. पण ज्या गावाचा मुख्य रोजगारच गावाबाहेर आहे, तिथे मागे उरलेल्यांनाच विचारून आपण निघतो, ही खुटखूट मला दर हिवाळ्यात लागते.

तिसरे घर उघडे होते. ओट्यावर आजी शेंगा निवडत बसल्या होत्या आणि दोन लहान नातवंडे त्यांच्याभोवती खेळत होती. मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. सहा महिन्यांच्या आत परतणार असल्यामुळे तेही याच कुटुंबाचे सदस्य धरायचे होते. घरमालक काका कोरडवाहू तीन एकरांचे धनी. त्यांनी आधी माझे ओळखपत्र निरखून पाहिले आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला, “साहेब, ह्याचा काही लाभ मिळणार का?” कसलाही लाभ मिळणार नाही, हे स्पष्ट सांगावेच लागते. ते ऐकूनही त्यांनी चहा सांगितला.

थोरल्या मुलापाशीच गाडी अडली. हंगामी मजुराच्या नावापुढे गेल्या सात दिवसांत रोज किती तास काम केले आणि किती मजुरी मिळाली, हे भरायचे असते. काका म्हणाले, “मजुरी कसली? उचल घेतलीय मुकादमाकडून, ती कवाच संपली. आता टनामागं फेडायची.” उचलीचे, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाने दिलेले आगाऊ पैसे घराची भिंत आणि मागचे देणे यांत जिरले होते, आणि हिशेब हंगाम संपल्यावर होणार होता. म्हणजे आज नवरा-बायको पहाटेपासून कोयता चालवत होते ते आधीच खर्चून टाकलेल्या मजुरीसाठी. टॅबला मात्र सोमवारचे किती आणि मंगळवारचे किती, एवढेच हवे होते. तासांची आणि टनांची मोडतोड करून मी अंदाजाने आकडे काढले आणि शेरा लिहिला.

काकांची स्वतःची नोंद सोपी होती. स्वतःच्या शेतात काम करणारा म्हणून त्यांना ११ हा संकेतांक मिळतो. त्यांनी सप्टेंबरमध्ये रोजगार हमीवर काम मागितले होते, नमुना ४, म्हणजे काममागणीचा अर्ज, भरून दिला होता, पण तारीख घातलेली पावती घेतली नव्हती. पावती नसली की पंधरा दिवसांत काम न मिळाल्याचा बेकारी भत्ताही मागता येत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी दोन दिवस कापूस वेचला होता, आणि आमच्या साप्ताहिक व्याख्येला सात दिवसांपैकी एका दिवशी एक तास काम केलेले पुरते. २७३ रुपये रोजाचे सरकारी काम मागून न मिळालेला हा माणूस त्या आठवड्यासाठी कामकरी ठरला. हे ऐकत असलेल्या आजी मध्येच म्हणाल्या, “बहात्तरला बरं होतं बाबा, खडी फोडली की सुकडी तरी मिळायची.” १९७२ च्या त्याच दुष्काळाच्या अनुभवावर महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि पुढे २००५ चा केंद्रीय कायदा त्याच वाटेने आला, हे मला पाठ होते. पावती का मिळाली नाही, हे मात्र माझ्या प्रश्नावलीत कुठेच नव्हते.

काकूंना विचारले, तर त्या पदराआडून म्हणाल्या, “मी काही करत नाही, घरीच असते.” इथे घाई केली की संकेतांक ९२ पडतो, म्हणजे केवळ घरकाम. मी विचारत गेलो, तेव्हा म्हशीची धार, डेअरीला जाणारे दूध, चार शेळ्या आणि सकाळची कापूस वेचणी असे एकेक बाहेर आले, आणि त्या २१ झाल्या, म्हणजे घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस. देशातील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. त्या वाढीवर मी वाचलेल्या लेखांपैकी कुणी आनंद व्यक्त केला आहे, तर कुणी संशय. माझ्यापुरते एवढेच सांगतो की, दुसरा प्रश्न विचारला की नाही यावर त्या दिवशी एक बाई श्रमशक्तीत आली, आणि तिच्या दिवसात मात्र काही बदलले नाही.

शेवटी धाकटा मुलगा समोर येऊन बसला. वय २५, बी.एस्सी. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन तो अभ्यासिकेत बसत असे. त्याने त्या वर्षी तलाठी भरतीची परीक्षा दिली होती. साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आलेल्या त्या भरतीचा निकाल अजून लागायचा होता. परीक्षा संपल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून, खोलीचे भाडे परवडेना म्हणून तो गावी आला होता. मी प्रश्न विचारण्याआधीच तो म्हणाला, “माझ्यापुढं बेरोजगार लिहा. खरं तेच लिहा.”

वर्षातील बहुतेक काळ तो नोकरी शोधत होता, म्हणून मुख्य कामाच्या रकान्यात मी ८१, म्हणजे बेरोजगार, टाकला आणि टॅब त्याच्याकडे वळवून दाखवला. त्याला समाधान वाटलेले दिसले. पण पुढचा प्रश्न विचारणे मला भाग होते. वर्षभरात एकूण तीस दिवस किंवा त्याहून अधिक दुसरे काही काम केले आहे का? त्याने खरे सांगितले. आल्यापासून तो वडिलांबरोबर रानात जात होता. फवारणी केली, कापूस वेचला. दुय्यम कामाच्या रकान्यात २१ आला. गेल्या आठवड्याच्या तक्त्यातही तेच, मंगळवारी चार तास आणि गुरुवारी पाच.

“मग मी शेवटी कशात धरला जाणार?” त्याने विचारले. पोरगा हुशार होता, टाळून चालले नसते. मी सांगितले की नेहमी छापला जाणारा वार्षिक दर मुख्य आणि दुय्यम काम एकत्र धरून काढतात, आणि त्यात दुय्यम काम असलेला माणूस कामकरी मोजला जातो. केवळ मुख्य कामाचे तक्तेही अहवालात असतात, हेही सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे बापाला मदत केली नसती, नुसता पारावर बसलो असतो, तर बेरोजगार धरला असता.”

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि मी हो म्हणालो. व्याख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीला धरून आहेत, तुलनेसाठी त्या लागतात, आणि मला त्या खोट्या वाटत नाहीत. पण तीन एकरांच्या घरात धडधाकट माणसाला रिकामे बसणे परवडत नाही. बेकारी तिथे रिकाम्या हातांच्या रूपाने सापडत नाही. दोघांचे काम चौघे वाटून घेतात, तिथे ती असते. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये त्या वर्षाचा अहवाल आला आणि बेरोजगारीचा दर ३.२ टक्के, १५ ते २९ वयोगटात १०.२ टक्के, असे वाचले, तेव्हा मला तो ओटा आठवला.

निघताना त्याने विचारले, “तुम्ही तरी पर्मनंट का?” आमच्याच प्रश्नावलीत पगारी माणसासाठी कराराचा प्रश्न आहे, आणि माझे उत्तर ‘लेखी करार, एक वर्ष किंवा कमी’ असे आले असते. मी तेच सांगितले. तो पहिल्यांदाच हसला आणि आमची पुढची भरती कधी निघते ते विचारू लागला.

गावात रेंज नव्हती. संध्याकाळी घाट चढून वर आल्यावर टॅबला नेटवर्क मिळाले, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी दिवसभराच्या तीन घरांची माहिती पाठवली. त्याच्या नावापुढे ८१ आणि २१ हे दोन्ही आकडे होते, आणि पडताळणीत एकही चूक निघाली नाही.