तुम्ही विचारलंत म्हणून: सांगणारा परत न आलेल्या गोष्टी

अंबाजोगाईला महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईने फाउंड फुटेज भयपट इतक्या आवडीने का पाहावेत, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो. विद्यार्थी जरा संकोचून विचारतात, सहकारी चहाच्या वेळी विचारतात, आणि नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका तर सरळच म्हणतात, "अगं, त्यात धड काही दिसत नाही, कॅमेरा नुसता हलतो, डोकं दुखतं. तुला त्यात काय गोडी वाटते?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून एकदा सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगते की, या चित्रपटांत पात्रेच कॅमेरा चालवत असतात. त्यांचे पुढे काहीतरी अघटित झालेले असते, मागे राहिलेले चित्रण कोणाला तरी सापडलेले असते, आणि तेच आपल्यासमोर मांडले आहे असे मानून ते पाहायचे असते. गोष्ट कोण सांगतो आहे, त्याने ती कोठून पाहिली आणि ती सांगायला तो उरला आहे का, हे प्रश्न इतक्या गांभीर्याने घेणारा दुसरा चित्रपटप्रकार मला माहीत नाही, आणि माझ्या आवडीचे मूळ तिथेच आहे.

आमच्या भागात उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर अंथरुणे पडली की भुताच्या गोष्टी निघत. त्या सांगण्याची एक रीत होती. भुताचे वर्णन फार नंतर येई. आधी साक्षीदार उभा केला जाई. कोणाच्या चुलत्याने पाहिले, कोणत्या विहिरीपाशी पाहिले, ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, त्याच्याबरोबर आणखी कोण होते, हे सगळे पक्के झाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. चकव्याची गोष्ट तर प्रत्येक गावात आहे: माणूस रात्री ओळखीच्या वाटेने निघतो, रात्रभर चालत राहतो, आणि उजाडते तेव्हा निघाला होता त्याच बांधावर उभा असतो. ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येई खरा, पण तो माणूस उजाडल्यावर घरी आला, चहा प्याला आणि त्याने हे सांगितले, हा दिलासा त्या गोष्टीतच असे. साक्षीदार जिवंत होता म्हणूनच ती गोष्ट आपल्यापर्यंत आली होती.

१९९९ साली आलेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये चित्रपटाचे शिक्षण घेणारे तिघेजण अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात वाट चुकतात, होकायंत्र पाहत दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात, जो त्यांनी आधी ओलांडलेला असतो. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा तर आपला चकवाच आहे, असे वाटून मी ताठ बसले. फरक इतकाच होता की इथे उजाडल्यावर घरी येणारा माणूस नव्हता. चित्रपट सुरू होतानाच दोन-तीन ओळींत सांगितलेले असते की हे तिघे १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये नाहीसे झाले आणि वर्षाने त्यांचे चित्रण सापडले. साक्ष हातात आहे पण साक्षीदार नाही, ही जाणीव पहिल्या मिनिटापासून सोबत असल्यामुळे त्यांचे हसणे, एकमेकांची थट्टा, दुकानातली खरेदी हे सगळे साधे प्रसंगही जड होतात.

डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी हा परिणाम साधण्यासाठी जे केले ते मला आजही विलक्षण वाटते. त्यांनी संवाद लिहून दिले नाहीत, फक्त प्रसंगांचा आराखडा तयार केला. तिन्ही कलाकारांना पात्रांसाठी स्वतःचीच नावे वापरायला लावली, कॅमेरे त्यांच्याच हाती दिले, आणि सुमारे आठ दिवस त्यांना जंगलात ठेवले. रोजच्या सूचना ठरलेल्या ठिकाणी ठेवलेल्या असत, जेवण दिवसागणिक कमी केले जाई, आणि रात्री तंबूबाहेर दिग्दर्शक मंडळी आवाज करत, लहान मुलांच्या आवाजाची टेप लावत. पडद्यावर दिसणारा थकवा आणि चिडचिड बरीचशी खरी आहे. ज्या चेटकिणीच्या दंतकथेचा माग काढायला ते जंगलात जातात ती संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. शेवटच्या प्रसंगात एक माणूस कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा दिसतो, एवढेच. पण सुरुवातीला गावातल्या एका माणसाने सहज सांगितलेली हकिगत ज्याने कान देऊन ऐकली आहे, त्याला त्या उभे राहण्याचा अर्थ क्षणात कळतो. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेले दृश्य यांची इतकी नेमकी गाठ भयपटांत क्वचितच पडते.

साक्षीला असलेले हे मोल मराठी वाचकाला परके वाटू नये. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते ज्यांनी चक्रधरांचा सहवास अनुभवला होता त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या आठवणी गोळा करून. त्या ग्रंथाचे प्रयोजन सर्वस्वी वेगळे आहे आणि त्याची भयपटाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण तो वर्गात शिकवताना कोणी पाहिले, कोणी ऐकले याकडे लक्ष देण्याची जी सवय लागते, तीच सवय मी या चित्रपटांपुढे घेऊन बसते. पाश्चात्त्य भयकथेनेही हा मार्ग जुन्या काळीच धरला होता. १८९७ ची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी रोजनिशी, पत्रे आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे यांचीच बनलेली आहे.

डोकेदुखीच्या तक्रारीचे उत्तर मी शेताच्या उदाहरणाने देते. आमच्याकडे शेतीची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री असते, आणि रात्रीची पाळी आली की मोटार चालू करायला बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जावे लागते. बॅटरीच्या उजेडाचे वर्तुळ जिथे पडेल तेवढेच जग त्या वेळी खरे असते. उसात काही सळसळले तर वर्तुळ तिकडे वळते, आणि वळल्याबरोबर आधीची बाजू अंधारात जाते. हातातला कॅमेरा प्रेक्षकाला याच अवस्थेत ठेवतो. नेहमीच्या चित्रपटात कॅमेरा सर्वज्ञ असतो, पात्राच्या पाठीमागे कोण उभे आहे हे तो आपल्याला आधीच दाखवतो आणि पार्श्वसंगीत सावधही करतो. इथे तसा कोणीच आपल्या बाजूचा नसतो. चौकटीबाहेर काय आहे ते कॅमेरा धरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कॅमेरा हललाच पाहिजे असेही नाही. ओरेन पेली यांनी २००६ साली सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत चित्रित केलेल्या 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये रात्री कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असतो. झोपलेले जोडपे, उघडे दार, त्यापलीकडचा अंधारा बोळ आणि कोपऱ्यात धावणारे घड्याळाचे आकडे एवढेच दिसते. एका रात्री त्यातली तरुणी उठते आणि पलंगाशेजारी जोडीदाराकडे पाहत उभी राहते. चित्रण वेगाने पुढे सरकते, आकड्यांत तास उलटून जातात, आणि ती तशीच उभी असते. त्या प्रसंगात कोणी ओरडत नाही, काही पडत नाही. मला विचाराल तर गेल्या काही दशकांतला हा सर्वांत भीतिदायक प्रसंग आहे, आणि त्याचे सारे सामर्थ्य त्या आकड्यांत आहे.

"मग ते कॅमेरा टाकून पळत का नाहीत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. या प्रकारातले अनेक चित्रपट त्याचे उत्तर देत नाहीत आणि तिथेच कोसळतात, हे मान्य केले पाहिजे. पण 'ब्लेअर विच'मध्ये त्या तिघांतल्या हेदर या मुलीचा कॅमेरा एक सहकारी हातात घेऊन तिला म्हणतो की तुला हा का आवडतो ते मला आता समजले, यातून दिसते ते पूर्णपणे खरे वाटत नाही. आपल्याकडे रस्त्यावर अपघात झाला की किती हात मोबाइल उंचावतात ते पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

या प्रकारातले सगळेच मला आवडते असे नाही. इटलीत १९८० साली आलेल्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'चे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. कलाकार जिवंत असल्याचे दिग्दर्शकाला सिद्ध करावे लागले, ही हकिगतही रंगवून सांगितली जाते. पण त्या चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर खरे प्राणी मारले गेले, आणि त्यामुळे माझ्या लेखी त्याची बाकी सारी कामगिरी संपते. हिंदीत 'लव्ह सेक्स और धोखा' आणि पाठोपाठ 'रागिणी एमएमएस' आले. पहिला भयपट नसूनही दोहोंत तोच मला अधिक भेदक वाटला.

तुम्हाला पाहायचेच असतील तर २००७ चा स्पॅनिश 'रेक' आधी पाहा, कारण तो पहिल्या पंधरा मिनिटांनंतर उसंत देत नाही आणि कॅमेरा का चालू आहे हे त्यात सतत स्पष्ट असते: त्याची नायिका दूरचित्रवाणी वाहिनीची वार्ताहर आहे, चित्रण हेच तिचे काम आहे. 'ब्लेअर विच' त्यानंतर, रात्री, कानाला हेडफोन लावून आणि मोबाइल बाजूला ठेवून. सगळ्यात शेवटी जोएल अँडरसन यांचा २००८ चा ऑस्ट्रेलियन 'लेक मंगो' घ्या. तो माहितीपटाच्या रूपात आहे, बुडून मेलेल्या एका मुलीच्या घरच्यांविषयी आहे, आणि त्यात भीतीपेक्षा शोक अधिक आहे. तो पाहून झाला की मला अवश्य फोन करा. त्या चित्रपटावर तासभर बोलेल असे माणूस मला इथे अजून भेटलेले नाही.