आढीत बाळंतीण

22 मे, रात्री

आज पण लाइट दुपारी गेली ती साडेपाचला आली. पंप बंद, पंखा बंद, नवरा पडवीत लादीवर उघडाबंब पसरलेला आणि त्याला चिकटून आमचा कुत्रा बंड्या, दोघांच्या ढेऱ्या एकाच तालात वरखाली. फोटो काढलाय, टाकू नको म्हणतो. कोंबड्या चोची उघड्या टाकून आळवाच्या वाफ्यात बसलेल्या, भांड्याचं पाणी जाईल तेवढाच तो ओलावा, आणि त्यावर हक्क त्यांचा. विहीर आता पार तळाला गेलीय, वीस मिनिटं पंप चालला की हवा ओढायला लागतो, त्यामुळे आधी पोफळी मग बाकीचे, माझी जास्वंद शेवटी.

मांजरीचं सांगायचं राहिलंच. चार दिवस झाले, बाईसाहेब आंबे पिकायला घातलेल्या आढीत बाळंत झाल्यात. अख्खं घर पडलंय, माळा आहे, लाकडांची खोप आहे, मी खास खोका ठेवला होता जुनी साडी घालून, तर नाही, हापूसच्या पेंढ्यातच जागा पसंत पडली. शेवटच्या तोडीचे आंबे ते, घरात खायला ठेवलेले. आढी रोज उलटून बघावी लागते, एक नासला की शेजारचे दहा घेऊन जातो, आणि ही बया हात लावू देईना. शेजारच्या काकी बघायला आल्या, हसल्या नुसत्या, "आता ते आंबे इसर गो बाय."

नवरा म्हणाला मी काढतो हळूच. टॉर्च तोंडात धरून पलीकडच्या बाजूने हात घातला, चाचपत चाचपत पाच-सहा आंबे काढले पण, मग म्हणाला हा मस्त पिकलाय बघ, आणि एकदम थांबला. गरम लागला म्हणे. पिवळसर पिल्लू होतं, डोळे अजून मिटलेले, पेंढ्यात खरंच आंब्यासारखं दिसत होतं. त्यानंतर मांजरीने काय केलं ते त्याच्या मनगटावर आहे. डेटॉल लावून दिलं, आता उद्या इंजेक्शनला कुडाळला जाऊन ये म्हणतेय, तर घरचं मांजर आहे, काही होत नाही. जाणारच आहे तो, मी सोडत नाही.

मला खरं टेन्शन कोकमांचं आहे. रातांबे फोडून फोडून माझी नखं जांभळी झालीत, सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, सासूबाई सात पुटं द्यायच्या, मी पाचावर भागवते. आज तिसरं. बिया वेगळ्या ठेवल्यात मुठेलाला, म्हणजे कोकमाच्या तेलाला, त्याचं पुढचं पुढे. खळ्यात पसरलेल्या सालांवरून एक कोंबडी निवांत चालत गेली आणि कालच सारवलेल्या खळ्यात तुळशीपर्यंत तिची लाल पावलं, लक्ष्मीची काढतो तशी. ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच आलं.

चारला पूर्वेला सह्याद्रीवर काळं धरलं. हा म्हणतो पडत नाही गं, मृग 7 जूनला, अजून पंधरा दिवस आहेत. 2025 ला पण हेच म्हणाला होता आणि 25 मेला मान्सून सिंधुदुर्गात हजर, त्याच्या आधीच चार-पाच दिवस बदाबदा कोसळत होता, माझी अर्धी आमसुलं बुरशीने गेली आणि लाकडं भिजली ती वेगळीच, पुढे महिनाभर चुलीपुढे धुराने डोळे फुटले. त्यावर याचं उत्तर, गॅस आहे की. डोंबिवलीत असताना पाऊस म्हणजे ट्रेन लेट एवढंच असायचं, तेव्हा मी पण अशीच बिनधास्त होते बहुतेक.

जेवणं झाली आणि वीज चमकायला लागली. काही न बोलता उठला, सगळी सालं उचलून आतल्या खोलीत पलंगावर पसरली, म्हणजे झोपायचं पडवीत, डास आणि बंड्यासकट. बंड्या ढगांचा आवाज आला की आमच्या मध्ये घुसतो. दुपारी माकडांवर भुंकणारा वाघ तो हाच.

आत्ता लिहिता लिहिता मांजर समोरून गेली, तोंडात पिल्लू. परत आली, दुसरं नेलं. टॉर्च घेऊन मागे गेले तर नवऱ्याच्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांवर. तीन झाली, पिवळं धरून. त्याला अजून सांगितलं नाहीये. आढी मोकळी झाली, सकाळी उठल्या उठल्या आधी आंबे.