चिनी भाषकाला 'गेट' शिकवताना: माझा अनुभव

तैवानमध्ये शिंचूला राहत असताना शेजारणीची टोइक या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी मी करून घेतली. काळ, उपपदं, शब्दसंग्रह, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते 'गेट' (get) या एका इंग्रजी क्रियापदापाशी. तिच्या क्लासने तिला त्याच्या अर्थांची लांबलचक यादी पाठ करायला दिली होती, आणि त्या यादीचा राग मला अजून येतो. पहिला अर्थ होता 'दे-ताओ', म्हणजे प्राप्त करणे. त्यामुळे 'इट्स गेटिंग लेट' ऐकलं की ती गोंधळून विचारायची, "लाओशी (म्हणजे गुरुजी), कोणाला काय मिळालं?"

टोइकच्या श्रवणाच्या दुसऱ्या भागात 25 प्रश्न असतात. प्रश्नही छापलेला नसतो आणि उत्तराचे तीन पर्यायही छापलेले नसतात. सगळं कानांनीच टिपायचं. तिथे यादी आठवत बसायला वेळ कुठला?

शेवटी मी यादी बंद करायला लावली आणि तिच्याच भाषेतून सुरुवात केली. चिनीत 'ताओ' म्हणजे पोचणं. तोच दुसऱ्या क्रियापदाला जोडला की काम साधल्याचा अर्थ येतो. 'माय' म्हणजे विकत घेणं, 'माय-ताओ' म्हणजे घ्यायला गेलो आणि मिळालं. 'शौ-ताओ' म्हणजे पत्र हाती आलं. स्टेशनला पोचणं, तिकीट मिळणं, मेल येणं: तिकडे 'ताओ', इकडे 'गेट'. तरुण मुलं तर 'समजलं' म्हणायला सरळ 'गेट-ताओ' म्हणतात. हे सगळं तिच्या तोंडात आधीपासून होतं, आणि क्लासने तिला पाठांतराला बसवलं!

विशेषणाबरोबरचा 'गेट' त्याहून सोपा गेला. अंधार पडला की चिनीत 'थ्येन हेइ ल' म्हणतात. शेवटचा 'ल' बदल झाल्याचं सांगतो. तिथे इंग्रजीत 'इट गॉट डार्क'. 'गेट टायर्ड', 'गेट अँग्री' मग तिने स्वतःच लावून घेतले.

केसांचं मात्र वेगळं. न्हाव्याने कापले तरी चिनी माणूस 'मी केस कापले' म्हणतो. आपल्याकडे 'कापून घेतले' आहे, म्हणून आपल्याला 'गॉट माय हेअर कट' जड जात नाही. तिच्यासाठी साधा नियम केला: काम दुसऱ्याने केलं, तर 'गेट' लावायचा.

तिच्या कंपनीला हवे होते तेवढे गुण तिला मिळाले, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

एक राहिलंच. अमेरिकी उच्चारात 'गॉट इट' हे 'गाडिट' असं ऐकू येतं. हे शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी कानावर घालावं.